गाठीचे भवितव्य

शहापूर तालुक्यातील डोळखांब अथवा मुरबाड तालुक्यातील टोकावडे यांसारख्या गावी एखाद्याच्या मानेत वा काखेत न दुखणारी गाठ उमटली, की पहिला संशय क्षयावर जातो. आणि ज्या मुलुखात गंडमाळेचे रोगी जागोजाग आढळतात तेथे तो अस्वाभाविकही नव्हे. परंतु रेंगाळणारा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम आणि उतरत जाणारे वजन ही लक्षणे लिम्फोमाची, म्हणजे लसीका-ग्रंथींच्या कर्करोगाचीही असतात, आणि गाठ न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या म्हणजे महिनेच्या महिने वाया जातात.

त्या महिन्यांचे मोल कळण्यासाठी, रोग्याच्या आयुर्मर्यादेचा अंदाज डॉक्टर कशावरून बांधतात हे पाहिले पाहिजे. झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमाच्या दोन हजारांवर रोग्यांची दप्तरे चाळून निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी 1993 साली पाच प्रश्न मुक्रर केले. वय साठीपलीकडे आहे काय? रक्तातील एलडीएच वाढले आहे काय? आपला कामधंदा करण्याइतकी ताकद उरली आहे काय? रोग श्वासपटलाच्या दोन्ही बाजूंस, किंवा त्याहून पुढे, पसरला आहे काय? ग्रंथींबाहेरच्या एकाहून अधिक ठिकाणी शिरला आहे काय? यांपैकी फार तर एक उत्तर प्रतिकूल असलेल्या गटातील शंभरांपैकी 73 रोगी पाच वर्षांनी हयात होते. चार किंवा पाचही प्रतिकूल असलेल्यांत अवघे 26. ही मोजणी रिटुक्सिमॅब हे औषध प्रचारात येण्यापूर्वीची. 1997 नंतर त्याचा वापर रूढ झाला आणि आकडे सुधारले. प्रश्न मात्र कालबाह्य झाले नाहीत.

अर्थात या सर्वांआधी रोगाची जात ठरावी लागते. टॉमस हॉजकिन याने 1832 साली वर्णिलेला प्रकार बहुधा उपचारांना चांगली दाद देतो, आणि वाढलेल्या हॉजकिनसाठी 1998 पासून सात घटकांचे निराळे कोष्टक आहे, ज्यात हिमोग्लोबिन साडेदहाखाली असणे आणि रक्तातील अल्ब्युमिन घटणे हे दोन्ही रोग्याच्या विरुद्ध मोजले जातात. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. कातकरी वा ठाकूर पाड्यावरील बाईचे रक्त पुष्कळदा रोगाच्या आधीपासूनच कमी असते. तेव्हा कोष्टकातला तो गुण रोगाने चढवला की उपासमारीने, हे विचारल्यावाचून आकडा लिहिणे म्हणजे कारकुनी झाली, वैद्यकी नव्हे. शिवाय अशी सर्व कोष्टके समुदायाविषयी बोलतात. समोर बसलेला एकटा इसम 73 मधला की उरलेल्या 27 मधला, हे ती सांगत नाहीत.

आणि गावाचे अंतर हा प्रश्न त्यांत कोठेच नाही. शहापूरकरास निदान आसनगावहून लोकल मिळते. मुरबाडला अद्याप आगगाडी नाही, तेव्हा एसटीने कल्याण गाठायचे आणि तेथून गर्दीतून परळला, 1941 साली उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात. केमोची फेरी बहुधा दर तीन आठवड्यांनी येते, आणि अशा सहा फेऱ्या सामान्यतः लागतात. भातलावणीच्या दिवसांत दोन फेऱ्या चुकल्या, तर कागदावर अनुकूल ठरलेला रोगीही प्रतिकूल वाटेला लागतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत निवाऱ्याची सोय होते, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. पण अर्ज, दाखले आणि मंजुरी यांच्या खेपा रोगी माणसाच्या अंगावर पडतात, त्या घरच्या कोणा धडधाकट माणसाने पत्करल्या तर फार बरे.

म्हणून वाचकांस विनंती इतकीच, की गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, अथवा क्षयाच्या औषधांनंतरही वाढत राहिली, तर नुसत्या सुईच्या तपासणीवर न थांबता अख्खी गाठ काढून प्रयोगशाळेत पाठवावी असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे, आणि तिचा अहवाल शिधापत्रिकेसोबत जपून ठेवावा.