जंगलात शिरण्याआधी परतीचं गणित

अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या सायकलस्वाराला जंगल गाठायला गाडीच्या टपावर सायकल बांधावी लागत नाही. कल्याण–बदलापूर रस्त्याला लागायचं, बदलापूर पश्चिमेला उल्हास नदी ओलांडायची, की मुळगावच्या पुढे बारवीचा जंगलपट्टा सुरू होतो. साग, ऐन, पळस, अधूनमधून भातखाचरं आणि आदिवासी पाडे. कारखाने, लोकल आणि इमारतींच्या गर्दीत वाढलेल्या शहराला लाभलेलं हे मोठं भाग्य आहे. पण जंगल दारात असलं की तयारी ढिली पडते. ‘इथेच तर जायचंय’ म्हणून एका बाटलीवर निघालेली मंडळी अकराच्या उन्हात रस्त्याकडेला बसलेली दिसतात. म्हणून माउंटन बाइकची जंगलफेरी आखताना पहिला प्रश्न ‘किती लांब जाऊ’ हा नसावा. ‘ताकद, पाणी आणि उजेड शिल्लक ठेवून परत कसा येईन’ हा असावा.

मध्यम म्हणजे किती?

डांबरी रस्त्यावर चाळीस किलोमीटर सहज मारणारा माणूस मुरमाड चढावर दहा किलोमीटरमध्ये थकतो. त्यामुळे फेरी सोपी, मध्यम की अवघड, हे नुसत्या अंतरावरून ठरत नाही. चढ, जमीन आणि ऊन हेही त्यात धरावे लागतात. नियमित सायकल चालवणाऱ्या माणसासाठी मध्यम फेरीचा अंदाज असा धरता येईल: एकूण चाळीस किलोमीटर, त्यांपैकी बारा कच्च्या वाटेचे, आणि सगळा मिळून तीन-चारशे मीटर चढ.

चढ मोजायला भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उपयोगी पडतो. त्यावरच्या दोन समोच्च रेषांमध्ये साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. वाटेने पाच अंतरं चढलात तर १०० मीटर चढ झाला. तोच चढ दोन किलोमीटरमध्ये असेल तर बसून पेडल मारत निघतो, अर्ध्या किलोमीटरमध्ये असेल तर सायकल ढकलावी लागते.

नकाशा वाचताना या भागात एक गोष्ट विसरू नये. एमआयडीसीने १९७२ मध्ये बांधलेल्या बारवी धरणाची उंची नंतर वाढवली गेली. जलाशय पसरला, लोकांना गावं आणि पाडे सोडावे लागले. जुन्या नकाशावर सलग दिसणारी वाट आज थेट पाण्यात उतरू शकते. म्हणून मोबाइलवरच्या ताज्या उपग्रह चित्राशी ती ताडून बघावी आणि गावात विचारून खात्री करावी. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावा, दरीत नेटवर्कचा भरवसा नसतो.

ऋतू आणि जमीन

इथली जमीन बेसॉल्टच्या कातळाची. तो झिजून कुठे मुरूम झाला आहे, कुठे चिकण माती. पावसाळ्यात ही माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये इतकी अडकते की चाक फिरेनासं होतं, शेवाळलेल्या कातळावर तर ब्रेक लावला तरी सायकल घसरते. ओढ्यांचं पाणीही पाहता पाहता वाढतं. कोंडेश्वरसारख्या धबधब्यांच्या परिसरात पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, ते पाळायलाच हवेत. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं, वाट आणि वाटेवरचा साप दोन्ही दिसत नाहीत. मार्चनंतर पानगळीच्या थराखाली दगड लपतात, ऊन चढतं आणि वणव्याची भीती असते. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. जमीन घट्ट, हवा थंड आणि वाट मोकळी.

वाट कोणाची?

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. कच्च्या वाटेवर उतरण्याआधी ती कोणत्या हद्दीत येते, हे वनरक्षकाला किंवा वन परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावं. धरणाच्या भिंतीकडे जाऊ नये. गावागावांना जोडणाऱ्या वहिवाटीच्या वाटा मध्यम फेरीला पुरेशा आहेत.

त्या वाटा सायकलसाठी झालेल्या नाहीत. कातकरी आणि ठाकूर समाजाची माणसं त्यांवरून रोज कामाला जातात, बायका डोक्यावर मोळी घेऊन येतात, गुरं चरायला निघतात. समोरून माणूस आला की घंटी वाजवून वेग कमी करावा, मोळीवाली असेल तर उतरून बाजूला उभं राहावं. खाचराच्या बांधावर चाक घालू नये, बांध फुटला तर शेतकऱ्याचं पाणी जातं. एवढं सांभाळलं, तर पुढच्या खेपेला वाट विचारताना परकेपणा राहत नाही.

या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. त्यासाठी उजाडल्यावर शिरणं, अंधाराआधी निघणं आणि एकत्र राहणं पुरेसं आहे. वन विभागाची मदतवाहिनी १९२६, रुग्णवाहिका १०८ आणि आपत्काळासाठी ११२ हे आकडे प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. गट निदान तिघांचा हवा: एकाला लागलं तर दुसरा त्याच्याजवळ थांबेल, तिसरा मदत आणेल. साप चावला तर चिरणं, चोखणं, घट्ट बांधणं यांतलं काहीही करू नये. माणसाला स्थिर ठेवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावं.

सायकल आणि सामान

टायरमधली हवा ही बिनखर्चाची सोय आहे. ट्यूब असलेल्या रुंद टायरमध्ये डांबरावर चाळीस-पंचेचाळीस पीएसआय ठेवावी, कच्च्या वाटेवर तीसच्या आसपास आणावी. पकड वाढते, हादरे कमी होतात. फार कमी केली तर दगडावर रिम ट्यूबला चिमटते आणि पंक्चर होतं. परतताना हातपंपाने पुन्हा भरावी. बाभळीचे काटे धरून दोन जादा ट्यूब, पंक्चरचं साहित्य, चेनची जोडकडी आणि ॲलन चाव्या बरोबर घ्याव्यात. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएस, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे. हेल्मेट तर हवंच.

उतारावर सीट खाली करावी, पेडल समपातळीत ठेवून उभं राहावं आणि वळणाच्या आधीच वेग कमी करावा. वळणात, सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं.

घड्याळ

आता हिशेब. २८ किलोमीटर डांबर ताशी १६ च्या वेगाने पावणेदोन तास, १२ किलोमीटर कच्ची वाट ताशी ८ ने दीड तास, विसाव्याला पाऊण तास आणि अडचणीसाठी राखीव एक तास. एकूण पाच तास. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला दिवे लावून पश्चिमेहून निघालात तर जंगल उजेडात लागतं आणि साडेअकराला घरी पोहोचता येतं.

यात एक वेळ निघण्याआधीच ठरवून सगळ्यांना सांगायची: साडेनऊ. त्या वेळी जिथे असू तिथून मागे फिरायचं, ठरलेलं टोक दिसत असलं तरी. गटातल्या सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा वेग हाच गटाचा वेग धरायचा. अर्धं पाणी त्याआधीच संपलं, तर तेव्हाच वळायचं. हा नियम वाटेत बदलायचा नाही, कारण थकलेल्या अंगाने घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. राहिलेलं टोक पुढच्या रविवारी गाठता येईल, जंगल अवघ्या तासाभरावर आहे.