शेवटचा धागा : आत्मरक्षण आणि सहकार्य

नीतिशास्त्रातील काही प्रश्न व्यवहाराच्या गुंत्यातून वेगळे काढून मोजक्या अटींच्या कल्पित प्रसंगात मांडले, म्हणजे त्यांचे स्वरूप स्पष्ट होते. अशा मांडणीला विचारप्रयोग म्हणतात. स्वतःचे हित जपावे की दुसऱ्याशी सहकार्य करावे, या प्रश्नाचा सर्वांत परिचित विचारप्रयोग म्हणजे ‘कैद्यांचा पेच’ होय. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये मेरिल फ्लड व मेल्विन ड्रेशर यांनी १९५० मध्ये त्याचा गणिती सांगाडा रचला आणि त्याच वर्षी गणितज्ञ आल्बर्ट टकर यांनी त्याला कैद्यांच्या गोष्टीचे रूप दिले.

एकाच गुन्ह्यातील दोन संशयित वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत. दोघेही गप्प राहिले, तर प्रत्येकाला एक वर्षाची कैद होईल. एकानेच कबुली दिली, तर तो सुटेल आणि गप्प राहणाऱ्याला दहा वर्षे भोगावी लागतील. दोघांनीही कबुली दिली, तर प्रत्येकी पाच वर्षे, असे समजू. साथीदार काहीही करो, कबुली देणेच प्रत्येकाला लाभाचे ठरते; मात्र दोघेही याच हिशेबाने वागले, की एका वर्षावर निभावले असते तेथे पाच वर्षे पदरी पडतात.

महाभारताच्या शांतिपर्वात, आपद्धर्माच्या विवेचनात, भीष्म युधिष्ठिराला सांगतात ती पलित उंदराची कथा याच पेचाची आहे. लोमश नावाचा बोका पारध्याच्या जाळ्यात सापडलेला असतो, तर पलिताच्या एका बाजूला मुंगूस आणि वर फांदीवर घुबड टपलेले असते. पलित बोक्याच्या कुशीत आश्रय मागतो व मोबदल्यात जाळे कुरतडण्याचे वचन देतो. बोक्याच्या धाकाने दोन्ही शत्रू निघून जातात. पण आता जाळे लगेच तोडले, तर सुटलेला बोका आपल्यालाच खाईल, हे जाणून पलित एक धागा शिल्लक ठेवतो आणि पारधी जवळ आल्यावरच तो तोडतो. बोका झाडावर पळतो, उंदीर बिळात शिरतो. पुढे बोका मैत्रीचा आग्रह धरतो, तेव्हा गरज संपल्याचे सांगून पलित ती नाकारतो. त्याने वचन पाळले आणि जीवही राखला, कारण वचनपूर्तीची वेळ त्याने विचारपूर्वक निवडली होती.

जेथे पुन्हा पुन्हा गाठ पडते, तेथे विश्वासाला निराळा आधार मिळतो. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांनी हा पेच अनेक फेऱ्यांत खेळणाऱ्या संगणक-आज्ञावलींच्या दोन स्पर्धा घेतल्या आणि दोन्हींत अनातोल रॅपोपोर्ट यांची अत्यंत साधी ‘जशास तसे’ ही रीत पहिली आली. पहिल्या फेरीत सहकार्य करायचे आणि नंतर प्रतिपक्षाच्या मागील चालीचे अनुकरण करायचे, एवढाच तिचा नियम होता. ती आपणहून दगा देत नसे, दग्याला लगेच उत्तर देई आणि प्रतिपक्ष सुधारताच सहकार्याकडे वळे.

सहकार्य हे स्वतःच सद्गुण ठरत नाही, कारण साठेबाजांची एकीही सहकार्यच असते आणि तिची किंमत तिसऱ्याला मोजावी लागते. तरीही हे विचारप्रयोग एक मोलाची गोष्ट शिकवतात : दुर्बलाकडून आंधळ्या विश्वासाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, विश्वास ठेवणाऱ्याचा घात होणार नाही अशी व्यवस्था उभारणे, हे सहकार्याचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक समाजाचे पहिले कर्तव्य आहे.