स्नायूंना विजेचा व्यायाम

एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला होता. नववीतल्या एका मुलाने बॅटरी व छोटे रोहित्र वापरून ‘स्नायू हलवणारे यंत्र’ केले होते. बोटे खरोखरच हलत होती. मात्र ॲल्युमिनियमच्या कागदाची एक पट्टी उजव्या मनगटावर आणि दुसरी डाव्या मनगटावर होती. प्रयोग तिथेच थांबवावा लागला. कारण त्याच्या शिक्षकांनाही चटकन उमगले नाही.

बेडकाचा पाय विजेने आखडतो हे गॅल्व्हानीने १७९१ साली प्रसिद्ध केले. आजची यंत्रेही तेच करतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू रोडावतो, तेव्हा भौतिकोपचारतज्ज्ञ तिथे दोन चिकट पट्ट्या लावून सूक्ष्म स्पंद देतात. स्पंदाने चेतातंतू उद्दीपित होतो व स्नायू आकुंचन पावतो.

प्रवाह समजा ५० मिलिअँपिअर आहे. घरातल्या विजेचा इतकाच प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात सेकंदभर वाहिला, तर जिवावर बेतू शकते. हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही. मग यंत्र कसे चालते? एक स्पंद सेकंदाच्या सुमारे तीन दशसहस्रांश भागापुरता असतो. सेकंदाला असे ५० स्पंद धरले, तरी प्रवाह वाहतो तो एकूण १५ मिलिसेकंदच. शिवाय दोन्ही पट्ट्या मांडीवर असल्याने प्रवाहाचा मार्ग मांडीतच राहतो. त्या मुलाच्या मंडलात तो छातीतून जात होता. म्हणून पट्ट्या छातीवर किंवा छातीच्या दोन बाजूंना लावायच्या नाहीत, मानेच्या पुढच्या भागावरही नाहीत. हृदयात पेसमेकर असेल तर, किंवा गरोदरपणात, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय यंत्राला हातच लावू नये.

चांगले यंत्र प्रवाह स्थिर ठेवते. त्यामुळे २५ चौरस सेंटिमीटरची पट्टी अर्धी सुटली, तर तेवढाच प्रवाह निम्म्या जागेतून जातो आणि तिथल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला चौपट उष्णता सोसावी लागते. वाळलेली पट्टी भाजते ती यामुळेच. ती बदलावी, आणि बदलताना यंत्र बंद असावे.

‘बसल्या जागी व्यायाम’ या जाहिरातीला भुलून पहिल्याच दिवशी तासभर जोरात यंत्र चालवणारेही भेटतात. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा मेंदू स्नायूतंतूंना आळीपाळीने कामाला लावतो. यंत्र त्याच त्याच तंतूंना राबवते. अतिरेकाने तंतू फुटतात, त्यांतली प्रथिने रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर भार येतो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. (चरबी वितळण्याच्या दाव्याबद्दल न बोललेलेच बरे.)

स्पंद उलटसुलट दिशेने का देतात, हे मात्र वर्गात दाखवता येते, अंगाला काहीही न लावता. टीपकागद मिठाच्या पाण्यात भिजवून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाका आणि ९ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा थोड्या अंतरावर टेकवा. ऋण तारेखाली गुलाबी डाग उमटेल. तो अल्कलीचा. प्रवाह एकाच दिशेने वाहत राहिला, तर असेच अल्कली पट्टीखालच्या घामट त्वचेवर तयार होते.