नकाराची किंमत

नामपूरच्या बाजारांत आलेलें गिऱ्हाईक परत गेलें, तर त्या नुकसानीची नोंद कोणत्याहि वहींत होत नाहीं. परकीय भांडवल परत फिरविणाऱ्या राज्याचेंहि असेंच होतें.

१५ जून २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें चिनी कंपन्यांशीं निगडित असे सुमारें ५,०२० कोटि रुपयांचे तीन सामंजस्य-करार केले. त्याच रात्रीं गलवानच्या खोऱ्यांत वीस भारतीय जवान धारातीर्थीं पडले, आणि आठवड्याभरांत हे करार स्थगित झाले.

करारांतील आंकडा म्हणजे खजिन्यांतून गेलेला पैसा नव्हे. खरी हानि कालाची होय. ३,७७० कोटींचा सर्वांत मोठा करार ग्रेट वॉल मोटर्सचा. तळेगांव येथील जनरल मोटर्सचा कारखाना ती घेणार होती. परंतु शेजारी देशांच्या भांडवलास एप्रिल २०२० पासून आवश्यक झालेली केंद्राची परवानगी मिळाली नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें तेथील उत्पादन थांबलें, २०२२ मध्यें व्यवहार मोडला, आणि २०२३ मध्यें ह्युंदाईनें कारखाना घेण्याचा करार केला. तोंपर्यंत यंत्रें थंड राहिलीं. कामगारांचा रोजगार बुडाला.

देशरक्षणासाठीं नकार देणें योग्यच असूं शकेल. मात्र निर्णय दिल्लीचा आणि रिकाम्या कारखान्याचा भार राज्याचा असल्यानें तो नकार तरी त्वरित मिळावा.