उपग्रहचित्रातून वादळाची ओळख

मेक्सिको देशाच्या दक्षिण भागात, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर अकापुल्को हे मोठे शहर वसलेले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ओटिस’ नावाचे वादळ या शहराच्या दिशेने सरकत होते. ते फारसे तीव्र होणार नाही, असा २३ ऑक्टोबरचा अंदाज होता. परंतु त्यानंतर अवघ्या २४ तासांत त्यातील वाऱ्यांचा वेग ताशी १६० किलोमीटरहून अधिक वाढला. २५ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात ते अकापुल्कोजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वारे ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने वाहत होते. सावध होण्यासाठी शहराला काही तासच मिळाले.

समुद्रावर घोंघावणाऱ्या वादळाचे बळ किनाऱ्यावरून मोजता येत नाही. तेथे हवामानशास्त्रज्ञांचा मुख्य आधार असतो तो उपग्रहाने टिपलेल्या चित्रांचा. मात्र ही चित्रे पाहणे आणि ती वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रंगांचा अर्थ

वादळांवर नजर ठेवणारे भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीच्या फिरण्याशी त्यांची गती जुळलेली असल्याने ते एकाच प्रदेशाकडे सतत पाहू शकतात. त्यांची चित्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. दृश्य प्रकाशातील चित्र साध्या छायाचित्रासारखे असते. ते दिवसाच मिळते. अवरक्त किरणांचे चित्र मात्र रात्रीही मिळते, कारण त्यात सूर्यप्रकाश नव्हे, तर ढगांच्या माथ्यावरील तापमान टिपलेले असते.

अवरक्त चित्रातील लाल, पिवळे किंवा काळे रंग ढगांचे स्वतःचे नसतात. तापमानातील फरक चटकन कळावा म्हणून ते संगणकाद्वारे भरलेले असतात. लाल रंग म्हणजे उष्णता किंवा तेथील जोराचा वारा, असा समज चुकीचा ठरतो. अनेक चित्रांत लाल रंगाने अतिशय थंड माथ्याचे ढग दाखवलेले असतात. ढग जितका उंच, तितका त्याचा माथा थंड. उणे ७० किंवा उणे ८० अंश सेल्सिअस तापमानाचा माथा दिसला, तर खालची उबदार, दमट हवा फार जोराने वर चढत आहे, असे समजावे.

बळ वाढत असल्याच्या खुणा

वादळाला शक्ती मिळते ती उबदार समुद्राच्या पाण्यापासून. बाष्प वर जाऊन थंड होते, त्याचे ढग बनतात आणि त्यातून उष्णता मुक्त होते. त्यामुळे केंद्रातील हवेचा दाब आणखी घटतो व भोवतालची हवा अधिक वेगाने आत ओढली जाते. या क्रियेची पावले चित्रात क्रमाने उमटतात.

आरंभी ढग विस्कळीत असतात. मग त्यांचा एक वळणदार पट्टा केंद्राभोवती गुंडाळू लागतो. पुढे केंद्रावर दाट ढगांचे गोलसर छत्र तयार होते. वादळ आणखी बळावले, की या छत्राच्या मध्यभागी ‘डोळा’ उघडतो. तेथे हवा खाली उतरते, तापते आणि ढग विरतात. डोळा जितका उबदार व स्वच्छ, आणि त्याभोवतीचे ढगांचे कडे जितके थंड व अखंड, तितके वादळ प्रबळ. छत्राच्या कडेने तंतूंसारखे पातळ ढग सर्व दिशांना पसरत असतील, तर वर चढलेल्या हवेला बाहेर पडायला मोकळी वाट आहे, असे समजावे. याउलट ढग केंद्राच्या एकाच बाजूला ढकललेले दिसले, तर वरचे वारे वादळाची घडी मोडत आहेत, असे अनुमान निघते.

या खुणांना अंकांत बसवण्याची पद्धत अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७०च्या दशकात विकसित केली. तीत वादळाला १ ते ८ पर्यंतचा ‘टी’ अंक दिला जातो. टी ४ म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटरचे वारे, तर टी ७ म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटरचे. सामान्यतः वाढत्या वादळाचा अंक दिवसाला एकाने चढतो.

चित्राच्या मर्यादा

एकाच चित्रावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. ढगांचे माथे काही काळ थंड होऊन पुन्हा विरू शकतात. म्हणून लागोपाठची चित्रे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. शिवाय वरच्या ढगांच्या आवरणाखाली डोळा तयार होत असला, तरी अवरक्त चित्रात तो झाकलेलाच राहतो. सूक्ष्मतरंग टिपणारे उपग्रह या आवरणाच्या आतले पाहू शकतात. पण ते त्या जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. ड्वोरॅक पद्धतीचे नियमही अंकाला फार मोठी उडी घेऊ देत नाहीत.

ओटिस आकाराने लहान होते, आणि लहान वादळांचे बळ फार लवकर बदलते. २४ ऑक्टोबरच्या दुपारी एका विमानाने वादळात शिरून प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा ते अपेक्षेपेक्षा कितीतरी बलवान झाल्याचे उघड झाले.

हीच ‘टी’ अंकांची पद्धत भारतीय हवामान विभागही वापरतो. बंगालच्या उपसागरात व अरबी समुद्रात वादळात शिरून मोजमाप करणारी विमाने नियमितपणे जात नाहीत. त्यामुळे येथे उपग्रहचित्रांचे महत्त्व अधिकच आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ चक्रीवादळ ओडिशात गोपालपूरजवळ धडकले. मात्र त्याचे वाढते बळ वेळीच ओळखले गेल्याने लाखो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलवता आले. वादळ थांबवणे माणसाच्या हाती नाही. पण चित्रातील बदल जितका लवकर वाचला जाईल, तितका अधिक वेळ किनाऱ्यावरील माणसाला घर सोडून सुरक्षित जागी पोहोचण्यासाठी मिळतो.