घशातला विषाणू आणि पेशीतल्या चिठ्ठ्या

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत घशाच्या कर्करोगाचे कारण विचारले, तर मुले चटकन 'तंबाखू' म्हणतील. उत्तर बरोबरच आहे. तंबाखू, गुटखा, बिडी आणि दारू हीच आपल्याकडची मोठी कारणे. पण घशाच्या काही कर्करोगांमागे एक विषाणूही असतो. तो पेशीत शिरून नेमके काय करतो, ते आपण पाहू.

या विषाणूचे नाव मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही. त्याच्या अनेक प्रकारांपैकी १६ क्रमांकाचा विशेष धोकादायक. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागेही एचपीव्हीच असतो. शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र त्यात होते. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते, असे २००९ साली जाहीर झाले. घशात हा विषाणू टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मुळाशी ठाण मांडतो.

चिठ्ठी चिकटवणारा रेणू

समजा, मुख्याध्यापकांच्या कपाटात एक मूळ नोंदवही आहे. ती खोलीबाहेर जात नाही. तिच्यातला मजकूर उतरवून नोटीस वर्गावर फिरते आणि तसे काम होते. पेशीतली नोंदवही म्हणजे डीएनए, नोटीस म्हणजे संदेशक आरएनए आणि झालेले काम म्हणजे प्रथिन. आता नोटीस वाचली जाण्याआधीच कोणी तिच्यावर 'रद्द' अशी चिठ्ठी चिकटवली तर? मायक्रोआरएनए हेच करतो. हा रेणू जेमतेम २२ घटकांचा असतो. नोटिशीतल्या जुळणाऱ्या भागावर तो चिकटला, की ते प्रथिन कमी बनते. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ साली तो एका लहानशा कृमीत शोधला. त्यासाठी त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूचा हस्तक्षेप

आपल्या पेशीत पी-५३ नावाचे राखणदार प्रथिन असते. डीएनए बिघडला, की ते पेशीचे विभाजन थांबवते. यासाठी ते मायक्रोआरएनए-३४ए तयार करवून घेते आणि हा रेणू विभाजनाच्या नोटिसा रद्द करतो. एचपीव्हीचे ई-६ हे प्रथिन पी-५३ चाच नाश घडवते. राखणदार गेला, चिठ्ठ्या घटल्या आणि विभाजनाच्या नोटिसा बिनदिक्कत वाचल्या जाऊ लागल्या! विषाणूचे दुसरे प्रथिन ई-७. ते आरबी या दुसऱ्या राखणदाराला निकामी करते. त्यामुळे मायक्रोआरएनए-१५बी सारख्या काही रेणूंचे प्रमाण उलट वाढते.

म्हणजे काही चिठ्ठ्या कमी, काही जास्त. एचपीव्हीमुळे झालेल्या घशाच्या कर्करोगात मायक्रोआरएनए-३६३ वाढलेला अनेक अभ्यासांत आढळला आहे. मायक्रोआरएनए-२१ मात्र कारण कोणतेही असो, वाढलेला दिसतो.

हा भेद रुग्णासाठी मोलाचा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एचपीव्ही असलेले ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. एचपीव्ही नसलेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते. वरून सारखे दिसणारे हे दोन आजार आतून वेगळे आहेत. मायक्रोआरएनए जतन केलेल्या ऊतींतही टिकून राहतो, म्हणून त्यावरून निदान करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

वर्गात काय सांगावे?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात उस्मानाबाद-बीडचे प्रमाण देशातल्या नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी होते: दर लाखामागे पुरुषांत ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४. पण तंबाखू सोडायला आणि लस घ्यायला हा आकडा आड येऊ देऊ नये. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्ही लस २०२३ मध्ये बाजारात आली. त्यात १६ क्रमांकाचा प्रकारही आहे.

हा विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे कारण नाही. मात्र मानेत गाठ, गिळताना त्रास किंवा बसलेला आवाज तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. ही गोष्ट मुलांनी घरी जाऊन सांगितली, तरी आपला तास सार्थकी लागला.