रात्र मोजणारी झाडं आणि घड्याळ विसरलेला गांजा

लोणार तालुक्यात मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर सोयाबीन जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जमिनीत जातं. पाऊस रुसला तर जुलै उजाडतो. गंमत कळते ती काढणीला. शेजारशेजारच्या दोन शेतांत पेरणीचं अंतर वीस दिवसांचं असलं, तरी वाण एकच असेल तर काढणीत तेवढं अंतर राहत नाही. उशिरा पेरलेलं झाड बुटकं राहतं, शेंगा कमी धरतं, पण फुलोऱ्यावर यायची घाई करून मागची कसर भरून काढतं. लांब मुदतीच्या जुन्या तुरीत हे आणखी ठळक दिसायचं. ‘तूर कवाबी पेरा, फुलाले दिवायीच पायते,’ असं इकडचे जुने लोक म्हणतात, ते उगीच नाही.

झाडाला दिवाळी जवळ आल्याचं कळतं कसं, या प्रश्नाचं पहिलं उत्तर ज्या झाडांनी दिलं, त्यांत गांजाचं झाड होतं. ही गोष्ट शेतकीच्या पुस्तकांत सहसा सांगितली जात नाही. ज्युलियन तुर्न्वा या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1912 ते 1914 या काळात हॉप आणि कॅनबिस (म्हणजे गांजाचं झाड) यांच्यावर प्रयोग केले. हिवाळ्यात काचघरात पेरलेली ही झाडं वीतभरही वाढायच्या आत फुलत होती. ऊब तीच, माती तीच. कमी होता तो फक्त उजेडाचा वेळ. दिवस आखूड झाला की ही झाडं फुलतात, इथपर्यंत तो पोचला, आणि खरं कारण दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबण्यात असावं, असंही त्याने लिहून ठेवलं. मग पहिलं महायुद्ध आलं आणि तुर्न्वा त्यात मारला गेला.

श्रेय गेलं गार्नर आणि ॲलर्ड या दोन अमेरिकनांकडे. त्यांच्यापुढे ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचा तंबाखू होता. उन्हाळाभर तो माणसाच्या डोक्यावर वाढायचा, पण फुलायचं नाव घ्यायचा नाही. दुसरं कोडं ‘बिलॉक्सी’ सोयाबीनचं, म्हणजे थेट आपल्या शेतातलं. ते वेगवेगळ्या तारखांना पेरलं तरी सप्टेंबरात जवळजवळ एकदमच फुलत होतं. 1918 च्या उन्हाळ्यात दोघांनी एक अंधारी खोपटी उभारली. दुपारी चारच्या सुमारास कुंड्या आत ठेवायच्या, सकाळी नऊला बाहेर काढायच्या. सूर्य बाहेर तळपत असताना झाडांसाठी मात्र हिवाळा सुरू झाला, आणि तंबाखू फुलला. 1920 साली त्यांनी निबंध छापला, तेव्हापासून दिवसमानाच्या या शास्त्राला पाया मिळाला.

पुढचा पुरावा मिळाला तो एका तणाकडून. काटेरी फळं धोतराला चिकटवून पाठवणारं हे तण आपल्याकडेही बांधावर, उकिरड्यावर माजलेलं असतं. हॅमनर आणि बॉनर या शास्त्रज्ञांनी 1938 मध्ये दाखवलं की या झाडाला फुलायला एकच पुरेशी लांब रात्र बास होते. त्या रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तर मात्र सगळं मुसळ केरात. दिवसा मधेच अंधार केला तर झाडाला त्याचं काही नसतं. झाड मोजतं ते रात्र, आणि तीही सलग. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य तांबड्या उजेडाची नोंद ठेवतं, रात्र ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की पानात एक प्रथिन तयार होतं आणि ते शेंड्याकडे जाऊन ‘आता पान नको, फूल काढ’ असा निरोप देतं. हा निरोप्या असणार असं 1930 च्या दशकातच मांडलं गेलं होतं. तो हाती लागायला एकविसावं शतक उजाडलं.

हे शास्त्र आता आपल्या शिवारात विजेच्या तारांवरून फिरतं आहे. सोलापूर-सांगलीकडे ड्रॅगनफ्रूटच्या बागांत हिवाळ्याच्या रात्री ओळीने एलईडी दिवे पेटलेले दिसतात, ते चोरांसाठी नव्हेत. ड्रॅगनफ्रूटला फुलायला लांब दिवस लागतो. रात्र मधेच तोडून त्याला उन्हाळा असल्याचं भासवलं जातं. शेवंतीचं नेमकं उलट. तिला लांब रात्र हवी, म्हणून दांडा पुरेसा वाढेपर्यंत दिवे लावून फुलं लांबवतात आणि मग दिवे बंद करतात. परदेशात बंद खोलीत गांजा लावणारे शेवंतीवाल्यांचीच युक्ती वापरतात: आधी अठरा तास उजेड, झाड हवं तेवढं वाढलं की बारा तास उजेड आणि बारा तास सलग अंधार. मग फुलं.

या युक्तीला फाटा देणारा गांजा म्हणजे ऑटोफ्लॉवर. मराठीत त्याला आपोआप फुलणारा म्हणू. तो रात्र मोजतच नाही. वय झालं की फुलतो.

हा गुण आला तो रशियातून. व्होल्गाच्या परिसरात आणि सायबेरियात रस्त्याकडेला, पडीक जागी उगवणाऱ्या ठेंगण्या रानटी कॅनबिसला यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1924 मध्ये ‘रुडेरॅलिस’ हे नाव दिलं. तिकडे ऐन उन्हाळ्यात दिवस सतरा-अठरा तासांचा असतो. रात्र लांबण्याची वाट पाहत बसलेलं झाड हिमकडाक्यात सापडून बी धरायच्या आतच मरेल. जी झाडं रात्रीची वाट न पाहता तीन-चार आठवड्यांचं वय होताच फुलली, त्यांचंच बी मागे उरलं. नशेच्या दृष्टीने हे रानटी झाड अगदीच फुसकं. म्हणून कितीतरी वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘लोरायडर’ नावाचं संकरित वाण बाजारात आलं. रुडेरॅलिसचं घड्याळ विसरणं आणि दुसऱ्या जातींची नशेची राळ, दोन्ही त्यात उतरलं होतं. पुढे कॅनडाने 2018 मध्ये बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडांची मुभा दिली, जर्मनीने एप्रिल 2024 पासून प्रौढाला तीन झाडांची, आणि कपाटाएवढ्या तंबूत मावणाऱ्या या वाणांना गिऱ्हाईक मिळालं.

ऑटोफ्लॉवरचं आयुष्य आपल्या सोयाबीनपेक्षाही थोडकं असतं. बी मिरीएवढं, करड्यावर काळसर रेघा असलेलं. दोन-चार दिवसांत कोंब, मग दोन गोल दलपत्रं, मग दातेरी कडांची पानं, आधी एकेरी, नंतर तीन बोटांची, पाच बोटांची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खोडाच्या पेरांशी बारीक पांढरे केसर दिसले की झाड मादी. नराला त्या जागी गोळीसारख्या बंद कळ्या लटकतात. त्यानंतर उंची वाढणं मंदावतं, शेंडे जाड होत जातात आणि फुलांवर राळेच्या सूक्ष्म ग्रंथी उभ्या राहतात. भिंगातून पाहिलं तर त्या देठावरच्या काचमण्यांसारख्या दिसतात. आधी स्वच्छ, मग दुधाळ, शेवटी तांबूस. काढणीची वेळ कॅलेंडरवरून ठरत नाही, या रंगावरून ठरते. सगळा खेळ साधारण सत्तर ते नव्वद दिवसांचा, झाड बहुधा कमरेच्या खाली. एक मोठी गैरसोय मात्र आहे. रोपअवस्थेत मुळं दुखावली किंवा पाणी जास्त झालं, तर रात्र मोजणाऱ्या झाडाला आणखी दोन आठवडे उजेड देऊन सावरता येतं. ऑटोफ्लॉवर थांबत नाही. ते खुरटलेलंच फुलतं, उशिरा पेरलेल्या सोयाबीनसारखं.

आता हे लोणारला आणून बघू. सरोवराचा काठ जवळजवळ 20 अंश उत्तर अक्षांशावर येतो. इथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या किंचित पुढे आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या जरा आत. वर्षभराचा फरक सव्वादोन-अडीच तासांचा. सायबेरियाची अडचण इथे नाहीच. साधा, रात्र मोजणारा गांजाही या पट्ट्यात पावसाळ्यात पेरला की थंडीत आपसूक फुलतो. घड्याळ विसरण्याचा गुण इथल्या उन्हात जवळजवळ बिनकामाचा. त्याची किंमत आहे ती सूर्य नसलेल्या खोलीत. तिथला हिशेबही करून पाहा. 200 वॅटचा दिवा रोज अठरा तास म्हणजे 3.6 युनिट, ऐंशी दिवसांचे 288 युनिट. त्यावर पंखे, आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात बंद तंबू थंड ठेवायचा खर्च वेगळा. मधेच फीडर गेला तर तंबूत भट्टी. ज्या गावात ऊन फुकट आणि नकोसं होईतो मिळतं, तिथे वीज जाळून ऊन बनवायचं, हा उद्योग हौसेचाही वाटत नाही.

आणि उन्हातला गांजा या मुलखाला नवा नाही. सातपुड्यापलीकडचं खांडवा इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातल्या परवानाधारक गांजाचं मुख्य ठिकाण होतं. मुंबई इलाख्यात अहमदनगर आणि सातारा जिल्ह्यांत लागवड चाले. 1893-94 च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर फिरून 1,193 साक्षी नोंदवल्या. माफक सेवनाने बहुतेकांना फारसा अपाय होत नाही आणि संपूर्ण बंदी योग्य नव्हे, असं या सरकारी समितीने लिहिलं. बंगालातल्या नौगावचं वर्णन त्यात वाचण्याजोगं आहे. तिथे पोद्दार किंवा परखदार म्हणून ओळखले जाणारे जाणकार पिकातून फिरून नर झाडं उपटून टाकत. नर राहिला तर परागण होणार, मादी बी धरणार आणि राळ घटणार. बंद तंबूत भिंग घेऊन बसलेला आजचा हौशी माणूस पाहतो तेच हा परखदार नुसत्या डोळ्यांनी, शेकडो झाडांत, चिखलात उभं राहून पाहायचा. मला दोघांत परखदारच सरस वाटतो.

1985 चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा आला आणि हे सगळं बाद झालं. या कायद्याची एक बाब ऑटोफ्लॉवरच्या जाहिराती वाचणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. ‘गांजा’ म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांपासून सुटी असलेली पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. भांगेला वाट मिळते ती या फटीतून. पण लागवडीच्या कलमात ही फट नाही. ‘कॅनबिस वनस्पती’ म्हणजे त्या प्रजातीतली कोणतीही वनस्पती. रुडेरॅलिस असो, धाग्याचा हेम्प असो, गच्चीवरची एक कुंडी असो; परवानगीशिवाय लावली की कलम 20 खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड आढळली तर जमीनधारकाने तात्काळ कळवायचं, आणि पंच, सरपंच, गावकामगार यांच्यावरही तसंच बंधन. म्हणजे गावात कुणी तंबूत दिवा लावलाच, तर सरपंचाला ‘मला काय त्याचं’ म्हणायची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला: कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. परवानगी मिळाली नाही. बातमीवर लोक हसले. अर्जातला पहिला अर्धा भाग मात्र हसण्यासारखा नव्हता, हे सोयाबीन विकायला मेहकरच्या बाजारात गेलेल्या कुणालाही विचारा.

कायदेशीर वाट आहे, पण ती गांजाकडे जात नाही. धागा, बी आणि फळबागशास्त्रीय उपयोगासाठी सरकार लागवडीला मुभा देऊ शकतं. उत्तराखंडने 2018 मध्ये औद्योगिक हेम्पचा परवाना दिला, त्यात नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत राखायची अट. मुंबईत 2013 साली सुरू झालेली बॉम्बे हेम्प कंपनी या धाग्यावर आणि बियांवरच उभी राहिली, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बिया व तेल खाण्याजोगं मानलं.

घड्याळ विसरण्याचा गुण मात्र आपल्या ताटात कधीच येऊन बसला आहे. गव्हाचे पैदासकार बोरलॉग मेक्सिकोत एक पिढी टोलुकाच्या उंच खोऱ्यात आणि दुसरी सोनोराच्या सपाटीवर घेत. दोन्हीकडचं दिवसमान वेगळं, म्हणून दिवसमानाला न जुमानणारी रोपंच टिकली, आणि म्हणूनच तो गहू 1960 च्या दशकात पंजाबात रुजला. सोयाबीनमध्ये ब्राझीलने उलट कोडं सोडवलं. विषुववृत्ताजवळ रात्री कायम लांब असल्याने तिथे सोयाबीन घोट्याएवढं असतानाच फुलायचं. तिथल्या पैदासकारांनी फुलण्याआधीचं बालपण लांबवणारा गुण शोधला आणि सोयाबीन उष्ण कटिबंधात घुसवलं. पटांचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने शंभर दिवसांच्या आत येणाऱ्या, दिवसमानाची पर्वा न करणाऱ्या तुरीच्या ओळी तयार केल्या आहेत. दिवाळीची वाट न पाहणारी तूर.

लोणारच्या शेतकऱ्याला यातलं रोजच्या कामाचं एवढंच: पाऊस लांबून पेरणी जुलैच्या मध्यावर गेली, तर कृषी सहायक सोयाबीनला नको म्हणतो. त्याऐवजी तूर पेरायची असेल तर कमी दिवसांचं वाण घ्या, ओळीतलं अंतर आवळा आणि बियाणं वाढवा, असं सांगतो. झाड लहान राहणार हे धरूनच चालायचं, तेव्हा एकरात झाडं जास्त हवीत.